पाचशे साठ ग्रॅमची चोरी

"मी चोर नाही, एवढंच सिद्ध करून द्या," ती मुलगी म्हणाली आणि खिशातलं फडकं काढून आधी खुर्चीवर अंथरलं, मग बसली. पँटला ग्रीस होतं. चोर माणूस लोकांच्या खुर्च्यांची एवढी काळजी करत नाही, असं भाऊजींना वाटलं. पण वहिनींच्या लेखी असल्या वाटण्याला काही किंमत नसते, म्हणून ते गप्प राहिले.

वहिनींनी बावीस वर्षं एका विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडले होते. आता घराच्या पुढच्या खोलीत बसून त्या खासगी तपास करत. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. भूगोल शिकवून निवृत्त झालेले. वहिनींना गाडी चालवता येत नव्हती आणि भाऊजींना नाही म्हणता येत नव्हतं, अशी ही जोडी जमली होती.

"चोरी कशाची?" वहिनींनी विचारलं.

"ब्रेकच्या डिस्कची. चार. आमचं गॅरेज फक्त वेगवान गाड्यांचं आहे. मी तिथं मेकॅनिक आहे, सहा वर्षं झाली."

"चाकामागे जी गोल चकती दिसते ती," भाऊजी घाईने म्हणाले. निदान एवढं तरी त्यांना ठाऊक होतं.

"तीच. साध्या गाडीत लोखंडाची असते. या गाड्यांत सिरॅमिकची. चारांच्या किमतीत, रागावू नका हं, तुमच्या बाहेर उभ्या गाडीसारख्या तीन येतील."

"तीन नाही, पाच," वहिनी म्हणाल्या. "मग? डिस्क गेल्या?"

"नाही. जागेवर आहेत."

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चोरी झाली आणि माल जागेवर. त्यांच्या गोंधळाला इथूनच सुरुवात झाली.

मुलीने समजावून सांगितलं. लोखंडी डिस्क झिजली की पातळ होते, जाडी मोजली की कळतं. सिरॅमिकची तशी पातळ होत नाही, पण तापून तापून आतून जळते आणि हलकी होते. म्हणून ती काढायची आणि वजन करायची. कमीत कमी किती वजन चालेल, तो आकडा कंपनीने डिस्कच्या मधल्या धातूच्या वाटीवर कोरलेला असतो. त्याखाली वजन गेलं, की डिस्क बदलायची. दुसरा मार्ग नाही.

"सहा महिन्यांपूर्वी दातांच्या डॉक्टरांनी एक जुनी गाडी विकत घेतली. घेण्याआधी आमच्याकडे तपासली. वजनं उत्तम होती, कार्डावर माझी सही आहे. परवा गाडी सर्व्हिसिंगला आली, सरांनी स्वतः डिस्क मोजल्या, तर चारही मर्यादेच्या खाली. चार मिळून पाचशे साठ ग्रॅम कमी. आणि गाडी धावलीय फक्त तीनशे किलोमीटर."

"सर म्हणजे मालक. त्यांचं म्हणणं काय?"

"वाटीवरचे नंबर तेच आहेत. पण वाटी आणि बाहेरचं कडं बोल्टने जोडलेलं असतं. सर म्हणतात, मी चांगली कडी काढून विकली आणि त्याच वाट्यांवर जळकी चढवली. हे काम करता येणारी गॅरेजमध्ये मी एकटी. सोमवारी पोलिसांत जाणार म्हणतात." तिने पँटवरचा ग्रीसचा डाग नखाने खरवडला. "शहरात अशी तीनच गॅरेजं आहेत, बाई. एकातून चोर म्हणून निघाले की बाकीची दारं आपोआप बंद. मग मी स्कूटरची पंक्चरं काढायची."

तेवढ्यात तिच्या मोबाइलचा गजर वाजला. तिने फोन लावला. "आई, थेंबांची वेळ झाली. डाव्यात घाल, डाव्यात. उजवा कधीच बरा झाला."

"मोतीबिंदू?" वहिनींनी विचारलं.

"हो. उजव्याचं ऑपरेशन एप्रिलच्या चार तारखेला सकाळी झालं, डाव्याचं गेल्या आठवड्यात."

"बरोबर कोण असतं?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

वहिनींनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. भाऊजींनी डोकावून पाहिलं. फक्त एक तारीख होती. मोतीबिंदूचा आणि ब्रेकचा काय संबंध, हे विचारायचं त्यांनी टाळलं.

वाटेत भाऊजींच्या गाडीने सिग्नलला थांबताना नेहमीसारखी किंकाळी फोडली.

"ब्रेकचे पुढचे पॅड गेले वाटतं पुन्हा," ते कुरकुरले. "दर दीड वर्षाला पुढचे बदला. मागचे गाडी घेतल्यापासून तेच आहेत, त्यांना काही होत नाही. मेकॅनिक मला फसवतो, वहिनी, दुसरं काही नाही."

"फसवत नाही," मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली. "ब्रेक लावला की सगळं ओझं पुढे येतं. पुढचे मरमर मरतात, मागचे आरामात."

"आमच्या ऑफिससारखं," वहिनी म्हणाल्या.

गॅरेज दवाखान्यासारखं स्वच्छ होतं. फरशी करडी, चकचकीत. डॉक्टरांची लाल गाडी लिफ्टवर चाकांविना लटकत होती आणि तिच्या चार डिस्क एका टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. भाऊजींना त्या ताटांसारख्या दिसल्या.

मालक पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. मुलीकडे न बघता त्याने वहिनींना कार्ड दिलं. "वाचा. अक्षर तिचं, सही तिची."

वहिनींनी मोठ्याने वाचलं. "चार एप्रिल. पुढची डावी, सहा हजार दोनशे दहा ग्रॅम. पुढची उजवी, सहा हजार एकशे पंच्याण्णव. मागची डावी, पाच हजार तीनशे चाळीस. मागची उजवी, पाच हजार तीनशे साठ."

"आणि हे माझे, परवाचे." मालकाने दुसरा कागद ठेवला. "सहा हजार सत्तर. सहा हजार पंचावन्न. पाच हजार दोनशे. पाच हजार दोनशे वीस. मर्यादा पुढच्यांना सहा हजार शंभर, मागच्यांना पाच हजार दोनशे पन्नास. चारही बाद!"

"तुमचा काटा चुकला नसेल कशावरून?"

मालक दुखावला. भिंतीजवळच्या टेबलावर एक सपाट इलेक्ट्रॉनिक काटा होता, वर काळ्या रबराची चादर पक्की बसवलेली. वर भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र. "नवा कोरा आणलाय. तारीख बघा, तीन एप्रिल. महिन्याला तपासून घेतो."

"मधल्या काळात अशा दुसऱ्या गाड्या आल्या?"

"दोन," मुलगी म्हणाली. "मे आणि ऑगस्टमध्ये. मीच मोजल्या याच काट्यावर. जेवढं यायला हवं तेवढंच वजन आलं."

म्हणजे काटा बरोबर. भाऊजींना वाईट वाटलं. काटा चुकलेला असता तर जेवायच्या वेळेला घरी पोहोचता आलं असतं.

"कड्यांचे बोल्ट उघडलेत?" वहिनींनी विचारलं.

"बोल्टवर कंपनीच्या लाल रंगाची रेघ असते," मालक म्हणाला. "रेघ आहे. पण लाल रंगाची बाटली कुठेही मिळते."

"आणि चोरी ठरली तर विमा भरपाई देतो. नाही का?"

मालकाच्या मानेवर लाली चढली. "विमा कशासाठी काढतात, बाई? डॉक्टरांनी आमच्या कार्डाच्या भरवशावर पूर्ण किमतीत गाडी घेतली. नव्या डिस्क मलाच घालून द्याव्या लागणार. चोरी असेल तर विमा देईल. दुसरं काही असेल तर माझ्या खिशातून."

सापडला! भाऊजींनी मनात टाळी दिली. यानेच डिस्क बदलल्या, विम्यासाठी. त्यांनी वहिनींकडे अर्थपूर्ण नजर टाकली. वहिनी टेबलाखाली बघत होत्या.

टेबलाखाली एक जुना काटा पडला होता, मोठ्या गोल तबकडीचा. "हा तर बिघडलेलाच आहे," भाऊजी वाकून म्हणाले. "वर काही नाही, तरी सुई शून्यावर नाही. डावीकडे गेलीय. एक, दोन... सात रेघा."

"एक रेघ म्हणजे किती, भाऊजी? तबकडीवर लिहिलं असेल."

"वीस ग्रॅम. पण मोडीत काढलेल्या काट्याशी आपल्याला काय करायचंय?"

"आपल्याला काही नाही," वहिनी म्हणाल्या आणि स्टोअरच्या खिडकीकडे गेल्या.

स्टोअर सांभाळणारे काका साठीला टेकलेले होते. पुढच्या वर्षी सुटणार होते. त्यांच्या फळ्यांवर प्रत्येक वस्तू कशावर तरी अलगद ठेवलेली होती. बेअरिंग कापसावर, काचा स्पंजवर, आणि डिस्क जाड करड्या फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चौकोनांवर. चहाचा ग्लाससुद्धा तसल्याच चौकोनावर होता.

"सिरॅमिक म्हणजे कपबशी समजा," काका म्हणाले. "कड आपटली की टवका, टवका गेला की डिस्क फुकट. चोवीस वर्षांत माझ्या हातून एक टवका गेला नाही. लोखंडावर लोखंड मी कधी ठेवू देत नाही."

"मुलगी कशी आहे?"

काकांनी खिडकीची कड बोटाने पुसली. "हात सोन्याचे आहेत. मला काका म्हणते. पण बाई, खोटं कसं बोलू? चार एप्रिलला डिस्क चांगल्या होत्या. या डोळ्यांनी आकडे पाहिलेत मी, शपथेवर सांगतो. मग आता त्या हलक्या कशा झाल्या? मला झोप नाही दोन दिवस."

भाऊजींचा मालकावरचा संशय डळमळला आणि मुलीवर जाऊन बसला. तो त्यांना अजिबात आवडला नाही.

डॉक्टर दुपारी दोनला आले. बुटके, मऊ आवाजाचे, हातांना औषधाचा वास.

"मी गाडी ट्रॅकवर पळवली असं म्हणायचंय का कुणाला?" त्यांनी आल्या आल्या विचारलं. "मला तिची भीती वाटते हो. रविवारी सकाळी क्लबपर्यंत जातो, परत येतो. चाळिशीच्या वर गेलो नाही. परवा एका सायकलवाल्याने मला ओलांडलं आणि वळून हसला. आणि हे म्हणतात ब्रेक बदला! त्या पैशांत माझ्या दवाखान्यात दोन नव्या खुर्च्या येतात."

"गाडी आणखी कोणी चालवतं? चिरंजीव?"

"कन्या आहे. तिला बसमध्ये लागतं."

भाऊजींचा शेवटचा धागाही तुटला. डॉक्टर निष्पाप, काटा बरोबर, काका सच्चे. मालकाने केलं म्हणावं, तर बोल्ट उघडायची कला त्याला येत नाही. उरली ती मुलगी. ती लिफ्टच्या खांबाला टेकून उभी होती. वहिनी मात्र काकांच्या टेबलाशी बसून दोन कागद शेजारी शेजारी ठेवून शाळेतल्यासारखी वजाबाकी करत होत्या, ओठ हलवत.

"सगळ्यांना बोलवा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आणि तो मोडका काटा वर घ्या. जपून, कंबर सांभाळा."

सगळे नव्या काट्याभोवती जमले.

"पाचशे साठ ग्रॅम," वहिनी म्हणाल्या. "सगळे हाच आकडा घोकताय. मीही सकाळी तोच ऐकला. एकेका डिस्कची वजाबाकी कुणी केली?"

वहिनींनी आपला कागद पुढे सरकवला.

"पुढच्या डावीचे एकशे चाळीस कमी. पुढच्या उजवीचे एकशे चाळीस. मागच्या डावीचे एकशे चाळीस, आणि उजवीचेही तेवढेच. आता मला सांगा, भाऊजींच्या गाडीचे पुढचे पॅड दीड वर्षात जातात आणि मागचे जन्माचे तसेच. डॉक्टरांनी गाडी कितीही पळवली असती, तरी पुढच्या डिस्क जास्त जळायला हव्या होत्या. चारही सारख्या कशा?"

"म्हणजे बदलल्याच!" मालक म्हणाला.

"कुठून? चार जळकी कडी आणायची, आणि चारही मूळच्यांपेक्षा नेमकी एकशे चाळीस ग्रॅमनेच हलकी? असा चोर मिळाला तर मी त्याला सोनाराच्या दुकानात नोकरी देईन. नाही साहेब. चार वेगळ्या वस्तूंच्या वजनात एकच फरक येतो, तेव्हा फरक वस्तूंमध्ये नसतो. मोजण्यात असतो."

"पण काटा बरोबर आहे," भाऊजी कळवळून म्हणाले.

"आहेच. परवाची वजनं खरी आहेत. एप्रिलची खोटी. त्या दिवशी डिस्कबरोबर दुसरंही काहीतरी काट्यावर होतं. काका, तुमच्या ग्लासाखालचा नको, डिस्कखालचा एक मोठा फेल्ट द्या."

काकांनी फळीवरून चौकोन काढला. वहिनींनी तो नव्या काट्यावर ठेवला. हिरवे आकडे थरथरले आणि थांबले.

एकशे चाळीस.

मग त्यांनी तोच चौकोन उचलून जुन्या काट्यावर ठेवला. सुई सात रेघा सरकली आणि बरोबर शून्यावर येऊन उभी राहिली.

"हा काटा बिघडलेला नाही," वहिनी म्हणाल्या. "हा कुणीतरी प्रेमाने लावून ठेवलाय. पत्र्याच्या काट्यावर डिस्कला टवका जाऊ नये म्हणून फेल्ट कायमचा वर, आणि त्याचं वजन धरलं जाऊ नये म्हणून सुई तेवढी मागे ओढलेली. वर्षानुवर्षं बरोबर वजन येत होतं. मग तीन एप्रिलला नवा काटा आला. त्याला रबर होतंच. पण चोवीस वर्षांच्या हाताने दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने फेल्ट अंथरला. इथं सुई मागे ओढलेली नव्हती."

काकांचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा झाला.

"पण मोजलं तर हिने!" मालक म्हणाला.

"चार एप्रिलला सकाळी ही आईचा डोळा घेऊन दवाखान्यात होती. मेच्या आणि ऑगस्टच्या गाड्या हिने मोजल्या, फेल्टशिवाय, म्हणून त्या बरोबर आल्या. आणि काका शपथेवर सांगतात, आकडे या डोळ्यांनी पाहिलेत. कार्ड मेकॅनिकने भरायचं, तर स्टोअरवाल्याने आकडे कधी पाहिले?"

मुलगी पुढे आली. "डिस्क मी आदल्या संध्याकाळीच काढून ठेवल्या होत्या, आकडे काकांच्या चिठ्ठीवरून उतरवले. मोजायचं आणि सही करायचं काम मेकॅनिकचंच, असा नियम आहे. काका म्हणाले, तू जा आईकडे, मी बघतो. काकांचं नाव घेतलं असतं तर शेवटच्या वर्षात त्यांना घरी बसवलं असतं."

"आणि मी..." काकांनी फेल्ट काट्यावरून उचलून घेतला. "मला वाटलं मी बरोबर मोजलंय. म्हणजे नंतर तूच... दोन दिवस मी तुला मनात चोर म्हणतोय गं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता."

भाऊजींनी नाक शिंकरलं. त्यांना आता सगळं कळलं होतं आणि तरी एक कळत नव्हतं. "अगं, मग आमच्याकडे आलीस तेव्हा हे सांगायचं होतंस ना!"

"मला चोर ठरायचं नव्हतं. पण काकांना अडकवून सुटायचंही नव्हतं. फेल्टचं मलाही सुचलं नव्हतं. मला खरंच वाटायला लागलं होतं की कुणीतरी डिस्क बदलल्यात."

"थांबा," डॉक्टर म्हणाले. मघापासून ते बोटं मोजत होते. "म्हणजे मी गाडी घेतली तेव्हाच ब्रेक गेलेले होते? सहा महिने मी त्याच्यावर..."

"हो, डॉक्टर," मुलगी म्हणाली. "सही माझी आहे. चूक माझीही आहे."

"चाळिशीच्या वर गेलो नाही, ते बरंच झालं म्हणायचं," डॉक्टर म्हणाले आणि गाडीच्या चाकांच्या रिकाम्या जागांकडे बघत राहिले.

मालक काकांकडे वळला. तोंड उघडलं होतं, पण वहिनी आधी बोलल्या. "नवा काटा आणला त्या दिवशी कुणाला चालवायला शिकवलात?"

"त्यात शिकवायचं काय?"

"हेच."

चौकटीतल्या प्रमाणपत्राकडे मालकाने एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

संपलं, असं भाऊजींना वाटलं. त्यांनी गाडीच्या किल्ल्या खिशातून काढल्यासुद्धा. पण वहिनी जागच्या हलल्या नाहीत. त्या काकांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या आवाजातला सगळा विजय गेला होता.

"काका, त्या सकाळी तुम्ही एकाच गाडीच्या डिस्क मोजल्या होत्या ना?"

काकांनी टेबल धरलं.

"दोन चिठ्ठ्या होत्या," मुलगी हळूच म्हणाली. "दुसरी पिवळी गाडी. फक्त ब्रेक बघायला आलेली. ती त्याच सकाळची, म्हणून मधल्या काळातल्या गाड्यांत मी धरली नाही. मी तिचंही कार्ड भरलं. चारही पास."

"कुणाची?" मालकाने विचारलं.

"त्या डोंगरावर राहणाऱ्या बाईंची. रोज घाट उतरून कामाला येतात." ती बोलता बोलता धावत सुटली होती. भिंतीवरच्या वहीत नंबर शोधला, एक आकडा चुकला, पुन्हा लावला. गॅरेजमध्ये फोनची घंटी सगळ्यांना ऐकू येत होती. सात वेळा वाजली. आठ.

"हॅलो? बाई, मी गॅरेजमधून. गाडी कुठे आहे? ऑफिसच्या खाली? उभी आहे? बरं. ऐका, आज तिला हात लावू नका. नाही, घरी जाताना पण नाही. टॅक्सी करा, पैसे आम्ही देऊ." तिने मालकाकडे पाहिलं. मालकाने मान डोलावली. "तुमचे ब्रेक आम्ही चुकीचे मोजलेत. हो, चूक आमची. मी येते न्यायला."

तिने फोन ठेवला आणि तशीच उभी राहिली, कारण गाडी उचलून आणायच्या ट्रकची किल्ली मालकाच्या पट्ट्याला असे, आणि परवापासून तिला किल्ल्यांना हात लावायची बंदी होती.

मालकाने पट्ट्यावरचा हूक सोडला. किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"काकांना घेऊन जा बरोबर," तो म्हणाला. "आणि डिस्क तिथं काढू नकोस. इथं आण, आपण तिघं मिळून मोजू."